वाचक विचारतात : निघोजची घळ आणि काठची गावे

प्रश्न : निघोजजवळ कुकडी नदी अरुंद घळीतून वाहते आणि तिथल्या खडकात असंख्य रांजणखळगे आहेत. आधी घळ झाली की आधी खळगे? आणि निघोज व टाकळी हाजी ही गावे घळीला लागून न वसता दूर का राहिली?

उत्तर : घळ तयार झाली आणि मग तिच्यात खळगे पडले, असा सर्वसाधारण समज असतो, प्रत्यक्षात बराचसा क्रम उलटा आहे. इथला खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. पुराच्या पाण्याने अशा भेगेशी एखादा खोलगट भाग झाला की तिथे भोवरा धरतो, भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत तळ आणि कडा घासत राहतात, आणि ते झिजून त्यांची वाळू झाली तरी पुढचा पूर नवे गोटे आणून टाकतो. खळगा असा खोल होत गेला की शेजारच्या खळग्यामधली भिंत पातळ होऊन अखेर फुटते. एकमेकांत मिसळलेल्या अशा खळग्यांच्या रांगेतूनच नदीला खोल वाट मिळाली. घळीच्या कडांवर दिसणारे अर्धगोल कापे म्हणजे या फुटलेल्या रांजणांच्या उरलेल्या भिंती होत. एकदा अरुंद वाट मिळाली की पाण्याचा वेग वाढतो आणि झीजही तिथेच एकवटते. खळगे याच पट्ट्यात दाट दिसतात ते त्यामुळे.

गावांविषयी सांगायचे तर नदी जवळ असणे आणि पाणी हाताशी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. घळीतले पाणी उभ्या कड्यांच्या तळाशी असते. तिथून घागर वर आणणे जिकिरीचे आणि पूर्वीच्या साधनांनी शेताला पाणी देणे जवळजवळ अशक्य. शिवाय काठावर उघडा कातळ, म्हणजे नांगराला जागा नाही. विहीर खणता येईल आणि पीक घेता येईल अशी माती जिथे आहे, तिथेच वस्ती धरणे शहाणपणाचे होते. मळगंगा देवीचे देऊळ मात्र कुंडाच्या काठीच आहे, पण देवळाला नांगरट करावी लागत नाही! नदी ही पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द असल्याने टाकळी हाजी शिरूर तालुक्यात, तर निघोज पारनेरमध्ये येते.

वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे असल्यामुळे पुराचे बरेच पाणी आता तिथेच अडते. तरीही खळग्यांत पोहायला उतरू नये : कडा गुळगुळीत असल्याने बाहेर पडताना हाताला पकड मिळत नाही.