हापूसच्या पानांतलं मिथायलेशन: सुरुवात करताय तर
दापोलीत बसून हापूसच्या मिथायलेशनवर, म्हणजे डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल गटांच्या खुणांवर, काम करायचंय ना? मग आधी पानं नीट निवडा. सगळी एकाच वयाची, कोवळी. वय बदललं की मिथायलेशनही बदलू शकतं. आंब्यातली पॉलिफिनॉल डीएनए तपकिरी करतात, म्हणून सीटॅब बफरमध्ये (पानांतून डीएनए काढायचं द्रावण) २% पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारं रसायन) घालाच.

हमखास होणारी चूक: बायसल्फाइटच्या (मिथायलेशन ओळखायला वापरतात ते रसायन) आधी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं). नव्या प्रतींवर मिथाइल गट उतरतच नाहीत, सगळी खूण पुसली जाते! बायसल्फाइटने साध्या सायटोसिनचं (डीएनएतलं एक अक्षर) युरॅसिल हे वेगळं अक्षर होतं, मिथाइलवालं तसंच राहतं. रूपांतर ९९% च्या वर गेलंय का ते क्लोरोप्लास्टच्या (हरितलवक) डीएनएवर तपासा. त्यात मिथायलेशन जवळपास नसतंच, म्हणून त्यातलं जवळपास सगळं सायटोसिन बदलायला हवं.

'मिथायलेशन म्हणजे जनुक बंद' हेही डोक्यातून काढा. प्रमोटरवर (जनुक चालू करणारा, त्याच्या आधीचा भाग) असेल तर बहुधा बंद, जनुकाच्या आत असेल तर जनुक खुशाल चालू असू शकतं. हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतं ती प्रथिनं), क्रोमॅटिन (डीएनए आणि ही प्रथिनं मिळून) नंतर बघू.