बंदरावरच्या तासांविषयी

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. राजारामपुरीतल्या प्रवास कार्यालयात तुला नोकरी लागली आणि पहिलेच मोठे काम म्हणून नऊ निवृत्त जोडप्यांच्या सिंगापूर ते केपटाऊन या समुद्रप्रवासातील बंदरांच्या दिवसांची आखणी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. आम्ही दोघांनी हाच प्रवास केलेला असल्यामुळे तू मला विचारलेस, हे योग्यच झाले. सोबतचा कच्चा आराखडा मी दोनदा वाचला, यांनीही वाचला. त्यात मेहनत दिसते आणि माहितीही नेमकी आहे. परंतु मलेशियातल्या पिनांग बेटाच्या एकाच दिवसात तू पिनांग टेकडी, केक लोक सी मंदिर, फुलपाखरांची बाग आणि जॉर्ज टाऊन बसवले आहेस, ते पाहून मला सविस्तर लिहावेसे वाटले.

तू बिंदू चौकाजवळ वाढलेली मुलगी आहेस. तिथे सकाळी उतरणाऱ्या सहलीच्या गाड्या तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. ती माणसे अंबाबाईच्या रांगेत उभी राहतात, तिथून जोतिबाला आणि पन्हाळ्याला जातात, दिवेलागणीला रंकाळ्यावर फोटो काढतात आणि रात्री गाडीत बसून निघून जातात. त्यांनी कोल्हापूर पाहिले असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मंदिराच्या काळ्या पाषाणावरचे कोरीवकाम त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले, पण पाहायला त्यांना सवड मिळाली नाही. परक्या बंदरात उतरलेल्या आपल्या माणसांची नेमकी हीच अवस्था होते, आणि ती बहुतेक वेळा आखणी करणाऱ्याच्या उत्साहामुळे होते. बंदराच्या एका दिवसासाठी एकच गोष्ट ठरवावी, तिच्या आजूबाजूला बसण्याची आणि चहाची जागा शोधून ठेवावी आणि बाकीचे सर्व काढून टाकावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यामागचा हिशेब साधा आहे. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार, असे पत्रकात छापलेले असते, म्हणून आपण नऊ तास धरतो. प्रत्यक्षात बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळून लोक उतरू लागेपर्यंत बराच वेळ जातो, मोठ्या जहाजावर उतरणाऱ्यांची रांग असते, आणि सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सर्वांनी परत चढलेले असावे लागते. येताना रस्त्यात अडकायला नको म्हणून एक तास हाताशी ठेवला, तर सत्तरीच्या माणसाच्या वाट्याला पाच-सहा तास उरतात. त्यातले दोन तास उन्हाचे असतात, आणि विषुववृत्ताजवळच्या दमट हवेतले ऊन आपल्या मे महिन्यातल्या उन्हापेक्षा अधिक थकवते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. कोलंबोला उतरल्यावर कँडीचे दंतमंदिर पाहिल्याशिवाय श्रीलंका पाहिली असे होणार नाही, असा हट्ट मी धरला. कँडी तिथून सुमारे 115 किलोमीटर आहे, म्हणजे नकाशावर जवळ. पण वळणावळणाच्या आणि गर्दीच्या रस्त्याने जायला साडेतीन तास लागले, यायलाही तेवढेच. बुद्धाच्या दातासाठी उभारलेल्या त्या मंदिरात आम्हाला पंचवीस मिनिटे मिळाली, त्यातली काही चपला काढून ठेवण्यात आणि रांगेत गेली. परतीच्या वाटेवर हे एक शब्दही बोलले नाहीत, फक्त घड्याळ पाहत राहिले. वर्षानुवर्षे वर्गात नकाशा शिकवलेल्या बाईने अंतर किलोमीटरमध्ये मोजले आणि तासांत मोजले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्या दिवशी गंगारामय विहार पाहून संध्याकाळपर्यंत गॉल फेसच्या समुद्रकाठावर बसलो असतो, तर कोलंबो आमच्या लक्षात राहिले असते.

पिनांगला आम्ही ती चूक केली नव्हती, आणि त्याचे श्रेय यांच्या गुडघ्यांना आहे. तिथला स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाऊनला लागूनच आहे. 1786 मध्ये इंग्रजांनी वसवलेले हे गाव 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याचा जुना भाग पायी फिरता येतो. फोर्ट कॉर्नवॉलिसवरून निघून आम्ही लिटल इंडियात गेलो, 1833 सालचे महामारिअम्मन मंदिर पाहिले, समोरच्या खानावळीत केळीच्या पानावर जेवलो आणि तासभर तिथेच बसून राहिलो. हार करणारी एक तमिळ बाई आमच्या शेजारी मोगरा गुंफत होती; तिची बोटे आणि दोरा कसा फिरतो ते मी शांतपणे पाहू शकले, कारण पुढे कुठे पोहोचायचे नव्हते. तुझ्या आराखड्यातील टेकडी आणि केक लोक सी दोन्ही बेटाच्या आतल्या बाजूला आहेत, मंदिराला पुष्कळ पायऱ्या आहेत आणि फुलपाखरांची बाग तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती तिन्ही काढून टाक.

थायलंडमधल्या फुकेतबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. तिथल्या पातोंग किनाऱ्यासमोर मोठी जहाजे समुद्रातच नांगर टाकतात आणि लोकांना टेंडर म्हणतात त्या लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाज स्थिर वाटत असले, तरी बोट लाटेबरोबर वरखाली होत असते आणि पाय टाकण्याचा क्षण नेमका साधावा लागतो. खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात. त्या वेळी हातात पिशवी, काठी, मोबाइल काहीही नसावे, सर्व पाठीवरच्या पिशवीत असावे. आपल्या माणसांना आग्रहाने सांग की कोल्हापुरी चपला केबिनमध्येच ठेवाव्यात. ओल्या लोखंडी पायरीवर चामड्याचा तळ घसरतो आणि खाऱ्या पाण्याने चप्पलही वाया जाते. मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल सर्वांत बरी. समुद्र खवळलेला असला, तर टेंडरचे बंदर ऐनवेळी रद्दही होते, हे त्यांना आधीच माहीत असावे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. सिंगापूर आणि मलेशिया आपल्यापुढे अडीच तास, थायलंड दीड तास, श्रीलंका आपल्याबरोबर, मॉरिशस दीड तास मागे आणि दक्षिण आफ्रिका साडेतीन तास मागे आहे. म्हणजे या एका प्रवासात घड्याळ एकूण सहा तास मागे सरकते. पश्चिमेकडे जाताना काही रात्री एक तास जास्त झोप मिळते, हा वयस्कर माणसांसाठी मोठा दिलासा आहे, आणि दिशा निवडता आली तर मी नेहमी हीच निवडायला सांगेन. मात्र जहाजावरची वेळ कप्तान ठरवतो आणि ती प्रत्येक बंदराच्या वेळेशी जुळतेच असे नाही. फुकेतला जहाजाने मलेशियाचीच वेळ ठेवली होती, आणि आमचे मोबाइल किनाऱ्यावर पाऊल ठेवताच आपोआप एक तास मागे गेले. वाट छलाँग या बौद्ध मंदिराच्या आवारात आम्ही निवांत बसलो होतो, अजून बराच वेळ आहे असे समजून. यांच्या मनगटावरच्या जुन्या चावीच्या घड्याळाकडे माझे लक्ष गेले नसते, तर आमचे जहाज निघून गेले असते. प्रत्येक जोडप्याकडे हाताने लावायचे एक तरी घड्याळ असू दे, आणि ते जहाजाच्या वेळेवर असू दे.

जहाज चुकलेच, तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला, तर साधारणपणे जहाज थांबते. स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. म्हणून लांबचा बेत असेल तिथे जहाजाची सहल महाग असली तरी घ्यावी आणि जवळच्या जागी स्वतः फिरावे. उतरताना पासपोर्टची प्रत, जहाजाचे कार्ड, रोजच्या पत्रकातला बंदरावरील एजंटचा दूरध्वनी क्रमांक आणि रक्तदाब-मधुमेहाच्या दोन दिवसांच्या गोळ्या जवळ असाव्यात, कारण जहाज गेले की केबिनमधला औषधांचा डबाही त्याच्याबरोबर जातो.

कोलंबोनंतर पाच दिवस नुसते पाणी आणि मग मॉरिशसचे बंदर पोर्ट लुई. इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे. तुझ्या आराखड्यात मॉरिशसचा दिवस समुद्रकिनारा आणि खरेदी यांत संपतो आणि आप्रवासी घाटाचे नावही नाही. बंदराच्या काठालाच असलेला हा घाट 2006 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. 1834 ते 1920 या काळात सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर ऊसमळ्यांसाठी मॉरिशसला आणले गेले. 1849 मध्ये उभारलेल्या या ठाण्यातून गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेली, रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेश चतुर्थी साजरी करतात. तो तिथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. त्या मजुरांच्या नोंदी, गावांची नावे आणि अनेकांची छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत.

घाटावर पाहण्यासारखे फारसे काही नाही, असे एखादा टॅक्सीवाला सांगेल. दरवाजाचे आणि रुग्णालयाचे अवशेष आहेत आणि वर चढणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. यांनी काठी बाजूला ठेवून तळहात पायरीवर टेकवला आणि म्हणाले, "अगं, हा तर आपल्याकडचा दगड." भूगोलाची शिक्षिका म्हणून मला जे आधी सुचायला हवे होते, ते वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला स्पर्शाने कळले. तो बेसॉल्टच आहे, थिजलेल्या लाव्हाचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णता जिथे वर येते त्या जागेवरून, दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच स्थानाने पुढे मॉरिशस आणि रियुनियन ही बेटे घडवली, असे भूशास्त्रज्ञांचे बहुमान्य मत आहे. आपला जोतिबाचा डोंगर आणि त्या पायऱ्या एकाच भट्टीतून निघाल्या आहेत. त्या पायरीवर करारपत्र हातात घेऊन पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसाला ते कुठून माहीत असणार, हा विचार मनात आला आणि मला रडू आले. आम्ही तिथे दोन तास होतो. नंतर बाजारात डाळपुरी खाल्ली. डाळीचे सारण भरलेली, गूळ न घातलेली मऊ पुरणपोळीच ती, वर भाजीचा रस्सा आणि चटणी. एवढाच आमचा मॉरिशस, आणि संपूर्ण प्रवासातला सर्वांत भरलेला दिवस तोच. भेटीचा दिवस सुटीचा नाही ना, हे मात्र आधी तपासून घे.

रियुनियनसाठी एकच सूचना आहे. ते बेट फ्रान्सचे असले, तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. कोणाकडे शेंगेन व्हिसा असेल, तर तो तिथे चालेल असे गृहीत धरू नकोस आणि प्रत्येक बंदराचा व्हिसा स्वतंत्रपणे तपास.

जवळच राहावे हा नियम मी डर्बनला मोडायला सांगेन. 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून जिथे उतरवले गेले, ते पीटरमॅरिट्सबर्ग स्थानक डर्बनपासून सुमारे 80 किलोमीटर आहे. पण रस्ता रुंद आणि वेगवान आहे, तासाभरात पोहोचता येते, आणि दिवसभरासाठी तेवढे एकच ठरवले की दमायला होत नाही. केपटाऊनला उलट वाऱ्याचा भरवसा नसतो. टेबल माउंटनचा रोपवे वाऱ्यामुळे बंद राहतो, रॉबेन बेटाच्या बोटीही हवामानामुळे रद्द होतात. म्हणून पहिल्या सकाळी आभाळ मोकळे दिसले, तर ठरलेले सर्व बाजूला ठेवून आधी डोंगरावर जावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. तू प्रत्येक जोडप्याला एकच माणूस धरून आखणी केली आहेस. चाळीस वर्षे संसार केलेल्या दोघांची चाल, भूक आणि हौस वेगवेगळी असते, आणि परक्या गावात त्यातला एक जण दुसऱ्यासाठी निमूटपणे ओढला जातो. बहुधा बाईच ओढली जाते, हेही तुला सांगून ठेवते. कधी माझ्यासारखी हट्टी असेल, तर नवराही. पिनांगला हे किल्ल्याच्या सावलीत तासभर बसले आणि मी एकटी गल्ल्या फिरून आले, तेव्हा आम्हा दोघांनाही बरे वाटले आणि जेवताना एकमेकांना सांगायलाही काही होते. म्हणून आराखडा नव्याने लिहिण्याआधी त्या अठरा जणांना भेट, जोडीने नव्हे तर एकेकट्याला, आणि प्रत्येकाला विचार की सलग किती वेळ चालवते, पायऱ्या जमतात का, आणि या सर्व बंदरांपैकी कोणत्या एका जागेसाठी ते घराबाहेर पडत आहेत. उत्तरे वहीत उतरवून रविवारी सकाळी घरी ये. मी नकाशे काढून ठेवते.

तुझी,
बाई