टबातल्या कुमुदिनीचं पाणी हिरवं का होतं?

प्रश्न: ताई, गच्चीत मोठ्या टबात कुमुदिनी लावलीये, पण पाणी सारखं हिरवंगार होतं. दर आठवड्याला पूर्ण बदलते तरी तेच. कळी नाहीच, वर डासांच्या अळ्या. छोटं कारंजं लावू का?

उत्तर: आधी पाणी बदलणं थांबवा प्लीज! हिरवेपणा म्हणजे शेवाळ, त्याला ऊन आणि खत मिळालं की ते वाढतं, आणि नव्या पाण्यातून पुन्हा थोडे क्षार येतातच, म्हणजे दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. आटेल तेवढंच पाणी वरून घाला आणि धीर धरा, पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलं की सावलीमुळे शेवाळ आपोआप कमी होतं. माती कुठली वापरलीये तेही बघा, कोकोपीट, शेणखत अजिबात नको, ते पाण्यात सुटतं नि घाण करतं, साधी चिकणमाती कुंडीत भरून वर खडी पसरा आणि ती कुंडी टबात ठेवा.

कळ्यांसाठी रोज ५-६ तास थेट ऊन हवंच, त्याला पर्याय नाही.

कारंजं मात्र मला नको वाटतं, कुमुदिनीला संथ पाणी आवडतं, पानांवर सतत पाणी उडालं तर ती नीट वाढत नाही. डासांसाठी ४-५ गप्पी मासे सोडा, अळ्या खाऊन टाकतात. फक्त ते मासे किंवा जास्तीची झाडं नदी-तळ्यात कधीच टाकू नका हं, जलपर्णीसुद्धा कुणीतरी शोभेसाठीच आणली होती आणि आज कितीतरी तळी तिच्याखाली गुदमरतायत.