चहाच्या मळ्यात आमच्या मुलीचं काय काम?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आहे. मुलगी जळगावला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. आता म्हणते, आसामात चहाच्या मळ्यावर कामगार कल्याण अधिकारी व्हायचंय. असं पद खरंच असतं का, की व्हिडिओ पाहून डोक्यात घेतलंय? – एक पालक

भाऊ,

पद असतं, आणि ते मालकाच्या मर्जीवर नसतं. 1951 च्या मळे कामगार कायद्यात 300 किंवा जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यात हा आकडा 250 वर आला. कारखान्यांनाही तोच आकडा, तिथे आधी 500 होता. म्हणजे मुलीचं आसामला नाही जमलं, तरी हेच काम एमआयडीसीतही मिळू शकतं. तुमची निम्मी काळजी इथेच मिटावी.

आता उरलेली निम्मी. चहाच्या मळ्यावर घर, दवाखाना, पाळणाघर, मुलांची शाळा हे सगळं मालकानं द्यायचं, अशी जुन्या कायद्याची रीत. आसामात ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात दिवसाची मजुरी 250 रुपये झाली, तेव्हा मालकांचं म्हणणं हेच, की घर-रेशन आम्ही वेगळं देतो. पण ते घर गळकं असेल तर? नव्या संहितेत मालकाला या सोयी स्वतःच्या पैशातून किंवा सरकारी योजनांमधून पुरवायची मुभा आहे. मला ही मुभा जरा खटकते, कारण मग घर कुणी बांधायचं यावर मालक पंचायतीकडे बोट दाखवणार आणि पंचायत मालकाकडे. मधे सापडणार तो कल्याण अधिकारी. त्याचा पगार मॅनेजरच्या सहीनं निघतो आणि गाऱ्हाणं घेऊन बाया त्याच्याच दारात उभ्या राहतात. मुलीला विचारा, हे झेपेल का? पाऊस, जळवा, लांबचा प्रवास यांची सवय होते. याची होत नाही.

शिक्षणाचं सांगतो. नुसत्या बी. ए.वर हे पद सहसा मिळत नाही. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, किंवा कामगार विषयातली तशी पदवी बहुधा लागेल. एमएसडब्ल्यू आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही होतं. पण आसामच डोक्यात असेल तर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा गुवाहाटीचा परिसर बघा. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. जोरहाटला टोकलाईची चहा संशोधन संस्था 1911 पासून आहे, पण ते झाडाचं शास्त्र. तिला माणसांचं काम करायचंय, तेव्हा तिकडे फॉर्म भरून पैसे घालवू नका.

भाषेचं मात्र आजच सुरू करा. मळ्यावरचे कामगार बहुतेक झारखंडातल्या छोटा नागपूर पठाराकडून नेलेल्या आदिवासींचे वंशज. त्यांची आपसातली बोली सदरी. आसामी नंतर शिकता येईल. खुडलेली पाती वजनाला आली की पिशवीचे आणि ओलाव्याचे म्हणून किलो कापतात, त्यावरून रोज कुरबुर होते. ती कुरबुर दुभाष्यामार्फत कळत नसते.

एक गोष्ट तुम्हाला उद्देशून, रागावू नका. 1951 च्या कायद्याच्या मूळ यादीत चहा, कॉफी, रबर आणि क्विनाइन देणारी सिंकोना, एवढीच पिकं. केळी नाही. तुमच्याकडे कापणीची टोळी येते, खांद्यावर घड वाहते, चिकानं सदरे काळे पडतात, गाडी भरून रात्री निघून जाते. त्या टोळीतला कुणी गाडीवरून पडला तर खर्च कोण करतं? पाण्याची, बायांच्या आडोशाची सोय काय? हे तुमच्या मुलीला माहीत आहे का?

पुढच्या कापणीला तिला दोन दिवस टोळीबरोबर ठेवा. मालकाची मुलगी म्हणून नाही. डबा घेऊन, सकाळपासून गाडी निघेपर्यंत. मजूर तिच्यासमोर हातचं राखून बोलतील, पहिल्या दिवशी तर नक्कीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काय सांगते ते ऐकून घ्या, आणि मग सीयूईटीचा फॉर्म भरा. पुढचं पत्र मात्र तिला स्वतः लिहू द्या.