कासा स्वयंसेवक व्हायला वकील असावं लागतं का?

नाही. कासा (CASA) म्हणजे अमेरिकेत, छळ किंवा हेळसांडीमुळे कोर्टात आलेल्या मुलासाठी कोर्टाने नेमलेला स्वयंसेवक; मुलाची परिस्थिती पाहून तो जजला रिपोर्ट देतो. आणि 'आपल्या उच्चारांचं इंग्रजी जज ऐकून घेतील का' ही काळजी सोडा, रिपोर्ट मुख्यतः लेखी जातो. वय 21, पार्श्वभूमीची तपासणी, साधारण 30 तासांचं ट्रेनिंग, मग शपथ. 1977 मध्ये सिएटलच्या न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी हे सुरू केलं, कारण मुलांबद्दल निकाल देताना त्यांना पुरेशी माहितीच मिळत नव्हती. माहिती आणायला सनद कशाला हवी?

पण तुम्ही पुढे विचारलंय, 'मुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या आईबापांशी बोलायचं कसं?' आमचे भाऊजीही दर दिवाळीला हेच ऐकवतात: "वहिनी, त्या बायकांना मुलं नकोच असतात."

माझ्या एका केसच्या फाइलमध्ये (तपशील बदललेत) लिहिलं होतं, आई फॉस्टर केअरमधल्या (तात्पुरत्या दुसऱ्या घरी ठेवलेल्या) मुलांच्या भेटींना येत नाही. भेट दुपारी चारला, काउंटीच्या दुसऱ्या टोकाला. आई नर्सिंग होममध्ये कामाला, सुटायची तीनला. गाडीने वीस मिनिटं, पण गाडी होती कुणाकडे? एक दिवस मी स्वतः तीनची बस धरली. मध्ये बदलायची, दुसरी तासाला एक, उतरून पुन्हा पायपीट. पोचले तेव्हा मुलांना परत न्यायला गाडीत बसवत होते. धाकटीने खिडकीतून मला नवा बूट दाखवला.

इथे वेळ फुकट घालवून चालत नाही. 1997 च्या फेडरल कायद्याने मूल 22 पैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, की आईबापांचे हक्क संपवायचा अर्ज बालकल्याण एजन्सीला सहसा करावाच लागतो. मी रिपोर्टात बसचं वेळापत्रक जोडलं. जजनी केसवर्करला विचारलं, शनिवारी का नाही? शनिवार ठरला, आणि आई दर शनिवारी हजर. पुढे मुलं घरी गेली.

भाऊजींना सांगितलं तर म्हणतात, "मग गाडी घ्यायची होती."

सगळ्याच केसेस अशा नसतात. 'मूल परत देऊ नका' असंही मी लिहिलंय. मुलाची इच्छा कोर्टाला सांगायची, पण शिफारस त्याच्या हिताची करायची, आणि ते जड जातं. वर्षभर तरी टिकणार नसाल तर केस घेऊ नका. भारतात पोक्सोखाली बाल कल्याण समिती सहाय्यक व्यक्ती देते, पण ते काम फौजदारी खटल्यात मुलाला सोबत करण्याचं, हे वेगळं.

आणि ट्रेनिंगला जाताना तुमच्या घरातले भाऊजी असतील तर त्यांनाही न्या. गाडी घरी ठेवून, बसने.