कोकणात गावकऱ्यांच्या श्रमदानावर पर्माकल्चरची सामुदायिक बाग टिकते का?

तुम्ही लिहिलंय की राजापूर तालुक्यात तुमच्या वाडीची अर्धा एकर भरड (उंचावरची, कोरडवाहू) जमीन पडून आहे, दहा-बारा जण श्रमदानाला तयार आहेत, पण त्यातले निम्मे मुंबईला असतात. सुरुवात कुठून करू, असा तुमचा प्रश्न आहे.

बाग होईल, आणि टिकेलही. मालवणकडे देवळामागच्या अशाच भरडावर आम्ही गावकरी मिळून एक बाग राखतो, त्यावरून सांगते. झाडांची यादी करायला आत्ताच बसू नका. आधी कॅलेंडर घ्या आणि कुठल्या महिन्यात गावात कोण असतं ते लिहून काढा. रोपं काय, कुठेही मिळतात. एप्रिलमध्ये पाणी घालायला हात कोणाचे, यावर बाग जगते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुढे कातळाला पाणी धरवत नाही आणि चैत्र-वैशाखात विहिरी तळ दाखवतात. पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाची घडी बघून आखलेल्या टिकाऊ शेतीची, मांडणी बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियात केली. तिच्या व्हिडिओंत दिसणारे समपातळी चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) बहुतेक कोरड्या मुलखातले असतात, तिथे पडेल तो थेंब अडवायचा असतो. आपल्याला जुलैत पाण्याला वाट करून द्यावी लागते. उतार खडा आणि माती खोल असेल तिथे तुडुंब भरलेला चर म्हणजे दरडीची भीती, तिथे चर काढूच नका. बाकी जागी चर उथळ ठेवा, प्रत्येकाला दगडांचा सांडवा द्या आणि खालच्या बांधावर वाळा किंवा गवती चहा लावा, म्हणजे माती बसून राहते.

चराची रेघ आखायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरायची आणि तिची दोन टोकं सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधायची. एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने उतारावर वर-खाली सरकायचं. दोन्हीकडचं पाणी एकाच खुणेवर स्थिरावलं की तिथे खुंटी. नळीत बुडबुडा अडकला तर माप खोटं येतं, तेवढा टिचकी मारून काढायचा. आमच्याकडे हे काम शाळेतली मुलं करतात आणि मोठ्यांपेक्षा चोख करतात.

आता माणसांचं. चाकरमानी मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला येतात. त्यांची कामं तशीच वाटा: मे महिन्यात चर आणि खड्डे, गणपतीत रान काढणं आणि गिरिपुष्पाच्या (हिरवळीच्या खताचं झाड, ग्लिरिसिडिया) फांद्या छाटून वाफ्यांवर अंथरणं, शिमग्याला वई (कुंपण) दुरुस्त करणं. मधल्या काळासाठी गावात राहणारी चार-पाच माणसं आणि ठरलेला एक वार पुरतो. एका रविवारी पंचवीस जण येऊन पुढे महिनाभर कोणी न फिरकणं बागेला झेपत नाही. पाण्याची पाळी नावानिशी लिहून समोर लावा. आमच्याकडे ती देवळाच्या खांबावर असते, त्यामुळे कोणाला आठवण करावी लागत नाही.

पातेऱ्याबद्दल, म्हणजे वाळक्या पानांबद्दल, सविस्तर सांगते, कारण भांडणं इथेच होतात. जमीन झाकलेली हवी, नाहीतर पहिल्या दोन सरींतच वरची माती वहाळात जाते. पण शेजारच्या रानातला पातेरा उचलून आणू नका. भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) तो कोणाच्या तरी हिशेबात असतो. आधी विचारा, न मिळाल्यास आंब्या-काजूच्या बागायतदारांकडे चौकशी करा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी लागते. आणि फेब्रुवारी संपायच्या आत बागेभोवती चांगली रुंद जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) काढा. वाळक्या पातेऱ्याने भरलेल्या बागेला वणव्याची एक ठिणगी पुरे. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवायचं, हा नियम पाहुण्यांनाही लावा. आपल्या जांभ्यात फुरसं हा विषारी साप असतोच. गमबूट घाला, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आधीच विचारून ठेवा.

झाडांसाठी आपल्या आगरांकडे, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांकडे, बघा. नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरवेल, खाली केळ, हळद, अळू ही थरांची शेती गुहागर-श्रीवर्धनची माणसं पूर्वीपासून करत आलीत. कोकण कृषी विद्यापीठाच्या भाट्ये (रत्नागिरी) केंद्रातली लाखी बाग, म्हणजे नारळाखाली मसाल्याची झाडं लावलेली बाग, एकदा सगळ्यांनी मिळून बघून या. पण आगर पाण्यावर चालतं. भरडावर काजू, कोकम, फणस, आवळा, कडेने करवंद आणि सुरुवातीला भरपूर गिरिपुष्प, एवढंच घ्या. कोकमाची कलमं घ्या, रोपं नकोत. बियांपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळेपर्यंत कित्येक वर्षं गेलेली असतात. माकडांचा त्रास असेल तर हळद लावा, तिच्या वाटेला ती सहसा जात नाहीत.

शेवटचं, आणि हे खड्डा मारण्याआधी करा. सातबारा काढून बघा. वाडीची जमीन म्हणतो तिच्यावर पुष्कळदा वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावं असतात, काही मुंबईत, काही वारलेले. झाड लावलं की हक्काचा प्रश्न येतोच. जमीन किती वर्षांसाठी, रतांबे-काजूगर कोणाला, कोणी सोडून गेलं तर काय, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. सगळे एकत्र भेटतात ते गणपतीत, तेव्हाच बैठक लावा. पुढच्या मे महिन्यात चर खणायला घेता येतील.