१९ दिवसांच्या बाळाला टंग टाय सांगितलाय, कापून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बाळ १९ दिवसांचं आहे, जिभेखालचा पडदा पार टोकापर्यंत चिकटलाय असं तपासताना कळलं, याच आठवड्यात लेझरने मोकळा करून घ्या म्हणाले, आणि घरचे म्हणतायत की नाही केलं तर पोर बोबडं बोलेल. वाचून पोटात कालवलं माझ्या. माझ्या मुलीच्या वेळी आमच्याकडे हेच चाललं होतं, फक्त आमच्यात मला कापून हवं होतं आणि घरचे सगळे "एवढ्याशा जिवाला कात्री लावायची?" म्हणून विरोधात होते.

मी डॉक्टर नाही. पण पहिलं तुम्हालाच विचारते, पाजताना दुखतंय का तुम्हाला? आणि जन्मापासून बाळाचं वजन किती वाढलं? तुमच्या प्रश्नात जीभ कशी दिसते ते सगळं आहे पण या दोन गोष्टींबद्दल काहीच नाही, आणि मला जेवढं समजलंय त्यावरून निर्णय जवळजवळ सगळा यांच्यावरच ठरतो. जिभेखाली पडदा सगळ्यांनाच असतो, आत्ता आरशात जीभ उचलून बघा, तुम्हालाही दिसेल. कुणाचा लांब, कुणाचा आखूड, कुणाचा अगदी टोकाजवळ. तो आखूड किंवा टोकाजवळ असल्यामुळे जीभ बांधल्यासारखी राहिली तर त्याला टंग टाय म्हणतात. नवजात बाळांमध्ये ४ ते ११ टक्के बाळांना टंग टाय असतो असं सांगतात, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जो अहवाल काढला त्यात म्हटलंय की असा पडदा असणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांनाच अंगावर प्यायला त्रास होतो. म्हणजे पडदा आहे पण काही अडत नाही अशी बाळंच जास्त.

आमचं मात्र अडत होतं. बाळंतपणाला मी सांगलीला माहेरी होते, घरी आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक वेळी पाजताना डोळ्यात पाणी. चिरा पडल्या, त्यातून रक्त यायचं, लेक पन्नास पन्नास मिनिटं ओढायची, मध्येच टक टक आवाज यायचा, दमून झोपायची आणि वीस मिनिटांनी परत भुकेने किंचाळत उठायची. सोडल्यावर बघावं तर निप्पल चपटं आणि पांढरं पडलेलं असायचं. डाव्या बाजूला गाठ होऊन एकदा ताप पण आला. येणारी प्रत्येक बाई सांगायची दूध कमी आहे, आळीव खा, शतावरी घे, आणि आई बिचारी सगळं करून घालत होती. जन्माचं वजन २ किलो ९००, चौदाव्या दिवशी २ किलो ६८०. पहिल्या काही दिवसात वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांपर्यंत साधारण जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि आमचं आलं नव्हतं. रडताना तिची जीभ पत्त्यातल्या बदामासारखी दिसायची, टोक मध्ये ओढलेलं. मग मी रात्री पाजता पाजता मोबाईलवर वाचायला लागले आणि सकाळी उठून म्हणाले, आजच्या आज कापायचं.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तेव्हा थांबवलं आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, कापूया की, पण आधी कुणीतरी तुम्हाला पूर्ण एक वेळ पाजताना बघितलं पाहिजे. त्यांनी लॅक्टेशन कन्सल्टंटकडे, म्हणजे बाळाला अंगावर पाजायला शिकवणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, ती पाऊण तास शेजारी बसली, तिने आधी माझं धरणं बघितलं, मग हातमोजा घालून बोट बाळाच्या तोंडात घालून जीभ किती उचलली जाते, खालच्या हिरडीच्या पुढे येते का, बोट कसं ओढते ते बघितलं. मी बाळाला उताणं धरून नुसती मान वळवून पाजत होते. तिने बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, ज्या बाजूला पाजायचं त्याच्या उलट्या हाताने मानेमागून आधार द्यायला शिकवलं, हनुवटी आधी टेकवायची, तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांबायचं आणि खालच्या बाजूचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात जाऊ द्यायचा. याला क्रॉस क्रेडल होल्ड म्हणतात, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे यावर व्हिडिओ आहेत, मराठीतसुद्धा, ते आजच बघा, एकदा नाही दोनतीनदा बघा, कारण कुणी समोर बसून शिकवणारं मिळेपर्यंत तेवढाच आधार.

याने दुखणं निम्म्यावर आलं. खरंच निम्म्यावर. पण पाच दिवसात वजन फक्त ४० ग्रॅम वाढलं, आणि या वयात रोजचे २० ते ३० ग्रॅम वाढायला हवेत. चिरा भरत नव्हत्या. तेव्हा सगळे मिळून ठरवलं की आता कापायचं, तेविसाव्या दिवशी.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते कारण मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी रात्रभर जागी होते. आमच्याकडे साध्या कात्रीने केलं. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, नर्सने डोकं धरलं, डॉक्टरांनी जीभ उचलून पडदा कापला, काही सेकंदांचं काम. रक्ताचे चारपाच थेंब. ती दुपट्यात बांधल्यावर जेवढी रडली तेवढी कापल्यावर रडली नाही, आणि लगेच माझ्याकडे दिली, पाजायला. इतक्या लहान बाळाला भूल देत नाहीत, पण काही महिन्यांचं झालं, दात आले की पूर्ण भूल द्यावी लागू शकते, एवढाच काय तो घाईचा मुद्दा. नंतर जिभेखाली पांढरट पिवळा डाग दिसतो, मी पू समजून घाबरले होते, ती जखम भरत असते, आठ पंधरा दिवसात जातो.

त्याच रात्री दुखणं कमी झालं. पण मला वाटलं होतं तसं बटण दाबल्यासारखं सगळं बदललं नाही. पुढचे दोन आठवडे मी पंप करून वाटी-चमच्याने वरून पाजत होते, तिला नव्याने ओढायला शिकायला वेळ लागला, सहा आठवड्यांची झाली तेव्हा काटा ३ किलो २५० वर आला आणि मी दवाखान्यातच रडले.

आता अभ्यास काय सांगतात तेही सांगते, कारण दोन्ही बाजूंनी लोक फार खात्रीने बोलतात. कोक्रेन म्हणून एक संस्था आहे, जी वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते, तिचा २०१७ चा आढावा आहे, ५ चाचण्या, मिळून ३०२ बाळं फक्त. त्यातून निघालं की कापल्यावर आईचं दुखणं थोड्या काळासाठी कमी होतं, पण बाळाचं पिणं सुधारतं असं सातत्याने दिसलं नाही. नंतर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी सुरू केली, एका गटाला पाजायला मदत आणि कापणं, दुसऱ्याला नुसती मदत. ती १६९ बाळांवरच थांबवावी लागली, आणि नुसत्या मदतीच्या गटातल्या ७३ टक्के बाळांचं शेवटी कापलंच, त्यामुळे तुलनाच नीट होईना. तीन महिन्यांनी आईचं दूध पिणारी बाळं दोन्ही गटात जवळपास सारखीच, ८८ आणि ८६ टक्के. मला त्या ७३ टक्क्यांमधल्या आया पूर्ण समजतात. रात्री तीनला रक्ताळलेल्या छातीला बाळ लावताना चाचणी कोण आठवतं. पण दुसरं टोक पण आहे, अमेरिकेत दवाखान्यातल्या बाळांमध्ये टंग टायचं निदान १९९७ ला ३,९३४ होतं ते २०१२ ला ३२,८३७ झालं. पंधरा वर्षात बाळांच्या जिभा तर बदलल्या नाहीत, बघणाऱ्यांची नजर बदलली.

बोबडं बोलण्याचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत, निव्वळ त्या भीतीने १९ दिवसांच्या बाळाचं कापू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०२० च्या एकमताच्या निवेदनात हेच आहे की टंग टायने सहसा बोलण्यावर परिणाम होत नाही. आमच्या घरातच पुरावा आहे, हे बरेचदा घराण्यात असतं. माझ्या नवऱ्याची जीभ ओठांच्या बाहेर येत नाही, आईस्क्रीमचा कोन चाटताना त्रास होतो, पण "चटईला टाचणी टोचली" तो माझ्यापेक्षा जोरात म्हणतो. दिराच्या मुलाची जीभ लेकीपेक्षा जास्त बांधलेली होती, पण तो पहिल्या दिवसापासून घटाघटा प्यायचा, वजन छान, जावेला काही दुखलं नाही, त्यामुळे कापलं नाही. आता पाच वर्षांचा आहे, र आणि ळ स्वच्छ. तसेही हे दोन उच्चार सगळ्याच मुलांना उशिरा येतात. चौथ्या वर्षानंतरही बोलणं बाहेरच्या माणसाला कळत नसेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवायचं, आणि मूल बोलतच नसेल तर आधी कान तपासायचे. सासूबाई प्रेमाने वेखंड उगाळून मधातून जिभेला लावायला सांगतील, माझ्या सांगत होत्या, पण वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि वेखंडाने पडदा काही सैल होत नाही.

लेझरबद्दल. कात्रीपेक्षा लेझर चांगलं असा पुरावा नाही, त्या २०२४ च्या अहवालातही तेच आहे. मला एका ठिकाणी लेझरच सांगितलं होतं, खर्च कात्रीच्या कितीतरी पट, आणि वर पुढचे काही आठवडे दिवसातून अनेकदा जखमेवर बोट फिरवून ताणायचे व्यायाम. हे व्यायाम करू नका असं त्या अहवालाचं म्हणणं आहे, आणि मला विचाराल तर ज्या तोंडाने बाळाने विश्वासाने प्यायचं त्याच तोंडात दर तीन तासांनी दुखवायचं हे मला पटलंच नाही. ओठाचा टाय, गालाचा टाय असंही सोबत सांगत असतील तर सरळ नाही म्हणा, दूध पिण्यासाठी ते कापून फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. गॅस, रात्रीचं रडणं, झोप न येणं यासाठी कापा म्हणत असतील तरी तेच.

कापायचं ठरलंच तर जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं (रक्त गोठायला लागतं ते) इंजेक्शन दिलंय का ते फाइलमध्ये बघा, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर आवर्जून सांगा, बाळाची हनुवटी फार लहान किंवा मागे असेल तर तेही आधी नीट तपासायला हवं कारण अशा बाळाची जीभ मागे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो. आणि डॉक्टरांना विचारा की पडदा परत जुळला तर काय, रक्त थांबलं नाही तर रात्री कुणाला फोन करायचा. दुर्मीळ आहे, पण उत्तर आधी माहीत असावं. जो माणूस पाजताना न बघताच कापायची तारीख देतो त्याच्याकडून मी तरी करून घेणार नाही.

दिवसातून सहापेक्षा कमी वेळा शू होत असेल, बाळ सुस्त असेल, दूध प्यायला उठतच नसेल किंवा वजन उतरतंय असं असेल तर टंग टायची चर्चा बाजूला ठेवून आजच दवाखान्यात जा आणि तोवर काढलेलं दूध, नाहीतर डॉक्टर सांगतील ते वरचं दूध वाटी-चमच्याने द्या, त्यात कमीपणा काही नाही. तसं नसेल तर उद्या सकाळी बाळाला सगळे कपडे आणि लंगोट काढून, पूर्वी ज्या काट्यावर वजन केलं त्याच काट्यावर वजन करा, आणि जन्माचं वजन, उद्याचं वजन आणि पाजताना नेमकं कधी दुखतं, लावताना क्षणभर की पूर्ण वेळ, ते मला इथेच कळवा.